स्क्रिप्चरच्या वर्गातला मासा

गुजराती आणि जैन मुलांनी भरलेल्या वर्गात माशाचा सांगाडा नेऊ नये, एवढी साधी गोष्ट माझ्या आईला कळली नाही, याचं मला या वयातही नवल वाटतं. बाई हुशार होती. एमएस्सी झूऑलॉजी, पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात नऊ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलेलं, आणि विद्यार्थी तिला घाबरायचे म्हणे. मला हे म्हणे असंच माहीत. मी पाहिली ती आई परदेशात, स्कोफिल्ड्स नावाच्या उपनगरातल्या घरात दिवसभर एकटी असलेली, दुपारी तीन वाजता शाळेच्या फाटकापाशी उभी राहून मला घरी आणणारी आणि वाटेतल्या प्रत्येक पक्ष्याला नाव विचारणारी होती.

ते घर आजही माझ्या डोळ्यांपुढे येतं तेव्हा आधी कुंपण दिसतं. पत्र्याचं, राखाडी, माणसापेक्षा उंच. नव्या वसाहतीत घरं इतकी जवळजवळ बांधली होती की माझ्या खोलीची खिडकी उघडली की हातभरावर शेजाऱ्यांची वीट. स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा त्याच कुंपणावर उघडायची. झाडं अजून काठीला बांधलेली, गुडघ्याएवढी. सकाळी सातला समोरच्या प्लॉटवर खिळे ठोकायचं मशीन सुरू व्हायचं ते दुपारी तीनपर्यंत, आणि त्यावर कडी करायला पांढऱ्या काकाकुव्यांची झुंड येऊन किंचाळायची. बाबा पहाटेच्या ट्रेनने सिटीत जात. गाडी एकच, ती स्टेशनवर उभी. आईकडे लायसन्स नव्हतं, बस तासाला एक. ती म्हणायची, "इथे उजेड केवढा आहे आणि जायला जागा एक नाही." मला तेव्हा हे रडगाणं वाटायचं. मला स्वतःचंच एवढं होतं की तिचं ऐकायला सवड नव्हती.

शिकवायला तिला परवानगी नव्हती. म्हणजे कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. पुन्हा दोन वर्षं युनिव्हर्सिटीत जा, इथली डिग्री घे, मग नोंदणी, मग बघू, असं होतं. बाबा म्हणायचे, "आधी पीआर येऊ दे, मग तुझं बघू." पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आला, मग म्हणाले, "आधी केतकी हायस्कूलला जाऊ दे." केतकी म्हणजे मी. बाबा वाईट नव्हते, त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीच्या आधी दुसरी एक गोष्ट दिसायची. आई भांडली नाही. तिने पुण्याहून आणलेली प्रॅक्टिकलची जर्नल्स कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि त्यांच्यापुढे गणपतीचं मखर उभं केलं.

आमची शाळा सरकारी होती, क्वेकर्स हिलच्या बाजूला. दर शुक्रवारी सकाळी अर्धा तास तिथे स्क्रिप्चर, म्हणजे धर्मशिक्षण, असायचं. आईबापांनी फॉर्मवर जो चौकोन टिक केला असेल त्याप्रमाणे मुलं वेगवेगळ्या खोल्यांत जायची: ख्रिश्चन एका खोलीत, हिंदू दुसरीत, आणि ज्यांनी काहीच नको म्हटलं ती लायब्ररीत. शिकवायला बाहेरून स्वयंसेवक यायचे. या अर्ध्या तासात लायब्ररीतल्या मुलांना कुठलाही अभ्यास शिकवायचा नाही असा नियम होता, नाहीतर बाकीच्यांचं नुकसान. म्हणून ती मुलं चित्रं काढत आणि गप्पा मारत. माझी मैत्रीण अमेलिया तिथे असायची. मला त्या लायब्ररीत जायचं होतं. त्या वर्षी माझी दुसरी कुठलीही इच्छा नव्हती, हे मी अगदी खरं सांगते.

त्याऐवजी काय झालं, तर हिंदू स्क्रिप्चरला शिक्षक कमी पडले आणि आईने नाव दिलं. वेंटवर्थव्हिलला शनिवारचा किराणा भरताना भारतीय दुकानात पाटी लागली होती, तिथून तिने नंबर टिपून घेतला. मुलांसोबत काम करणाऱ्यांची सरकार करतं ती तपासणी झाली, दोन रविवार ट्रेनिंग झालं, आणि एका शुक्रवारी सकाळी आई इस्त्रीचा कॉटनचा कुर्ता घालून, गळ्यात ओळखपत्राचा निळा पट्टा अडकवून, माझ्याच वर्गात, माझ्याच समोर उभी राहिली. मला वाटलं आता इथून बाहेर पडायला वाट नाही. घरी आई, वाटेवर आई, आणि आता शाळेतही. मुलं तिला "मिस" म्हणायची. मी काहीच म्हणत नव्हते. तिने मला प्रश्न विचारला तर मी इंग्रजीत, एका शब्दात उत्तर द्यायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

पण तिच्यात काय फरक पडला होता तो मला दिसत होता, दिसत नव्हता असं म्हणणार नाही. गुरुवारी संध्याकाळपासून घरात चैतन्य यायचं. ती भाजी चिरताना स्वतःशी बोलायची, हातवारे करायची. शुक्रवारी पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर जास्त असायची. बाबा म्हणाले, "काय वृंदा, फॉर्मात आहेस," तर लाजली. आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांतला अर्धा तास ती शिक्षिका होती आणि उरलेले तास त्या अर्ध्याच्या जिवावर काढत होती. हा हिशेब आज मला जमतो. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि स्वार्थी होते.

शिकवायचं काय, ते पुस्तक ठरलेलं होतं. संस्थेने छापलेलं, रंगीत. कथा, श्लोक, शेवटी रंग भरायला चित्र. शेवटच्या सत्रात दशावतार आले. आता आमच्या बाबांचा हा आवडता विषय. चार मराठी कुटुंबं जमली, जेवणं झाली की बाबा पान लावता लावता सुरू करायचे, "बघा, आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा प्राणी अर्धा माणूस, मग बुटका माणूस. ही उत्क्रांतीच नाही का? गोऱ्यांच्या कितीतरी आधी आपल्याला माहीत होतं." सगळे माना हलवायचे. आई उठून ताटं गोळा करायला लागायची. एकदा स्वयंपाकघरात तिने माझ्यासमोर ताट सिंकमध्ये आदळलं आणि म्हणाली, "कासवाचं डुक्कर कुठे होतं? हा माणूस परीक्षेत नापास झाला असता."

आणि तरीही तिने तेच केलं, कारण दुसरं दार नव्हतं. तिला त्या मुलांना सजीव कसे झाले ते सांगायचं होतं आणि हातात मत्स्यावतार होता. मला आज तिचा डाव स्पष्ट दिसतो. ख्रिश्चन स्क्रिप्चरवाले आजोबा, भले गृहस्थ, तिला पार्किंगमध्ये भेटले की म्हणायचे, "तू आणि मी एकाच बाजूला, माय डिअर. सायन्सवाले तर मुलांना माकडापासून आलात म्हणून सांगतात." देवाने सहा दिवसांत सगळी सृष्टी केली, असं ते शिकवत. आई त्यांना नुसतं हसून "हॅव अ गुड वन" म्हणायची आणि घरी येईपर्यंत भरभर चालायची.

एका शनिवारी वेंटवर्थव्हिलहून येताना बाबांनी मासे घ्यायला गाडी थांबवली. मासेवाला नेहमीप्रमाणे काटे काढून फिले करू का म्हणाला. आईने नेहमीप्रमाणे सांगितलं, डोक्यासकट, अख्खा. घरी येऊन ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, खवले काढले, आणि मला हाक मारली. मी नाक मुरडत गेले, पण गेले. तिने कल्ले उचलून दाखवले, लाल, एकावर एक. पोट चिरून हवेची पिशवी दाखवली, फुगवलेली, चकचकीत. मग पाठीचा काटा मोकळा केला आणि म्हणाली, "मोज." मी मणके मोजायला लागले. मधेच तिने ओला हात पुसला आणि माझ्या फ्रॉकवरून, मानेपासून खाली, एकेक मणका दाबत बोट फिरवलं. "हे बघ. हे इथे, आणि हे इथे. जबडा, कवटी, दोन डोळे, कणा. सगळं तुझ्यात आहे."

मला गुदगुल्या झाल्या आणि थोडी भीती वाटली. मी विचारलं, "मग हे असं कुणी ठरवलं? विष्णूने?"

"कुणाचीही गरज पडली नाही," आई म्हणाली. "हळूहळू होत गेलं. जे टिकलं त्याची पिल्लं झाली, जे टिकलं नाही त्याची नाही. पण म्हणूनच हा मासा आपला नातेवाईक लागतो, केतकी. मानलेला नाही, रक्ताचा."

"आणि आपण नातेवाईकाला खायचं?"

"खायचं. पण ओळख ठेवून."

त्या रात्री कालवण झालं, भात झाला, बाबांनी बोटं चाटली. सांगाडा आईने टाकला नाही. उकळला, ब्रशने घासला, केमिस्टकडून आणलेल्या कसल्याशा औषधात बुडवून पांढरा केला, आणि आठवडाभर गॅरेजमध्ये वाळवला. मग पुठ्ठ्यावर चिकटवून आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवला. इतका सुबक होता की बाबाही म्हणाले, "म्युझियममध्ये दे." डबा शुक्रवारी कुठे जाणार आहे हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

डबा वर्गात उघडला तेव्हा आधी सगळे "ईऽऽ" करून ओरडले, मग सगळे पुढे धावले. आई खुलली. खडू घेऊन फळ्यावर माशाचा कणा काढला, शेजारी माणसाचा. सांगायला लागली, पाण्यातून जमिनीवर कोण आलं, किती काळ लागला, आणि मत्स्य पहिला का. मी त्या दिवशी घड्याळाकडे बघायला विसरले होते. मग तिसऱ्या ओळीतली एक मुलगी रडायला लागली. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, आणि तिच्या बाकावर मेलेला मासा ठेवला होता. आईला आधी कळेचना. कोकणातली बाई, तिच्या हिशेबी मासा देव म्हणूनही चालतो आणि जेवणातही. कळलं तेव्हा तिने डबा घाईने बंद केला, मुलीला जवळ घेतलं, तर मुलगी आणखी रडली, कारण त्याच हातांनी आईने सांगाडा धरला होता.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या आल्या. एका पालकाने लिहिलं की मेलेला प्राणी आणला. दुसऱ्याने लिहिलं की आम्ही चौकोन टिक केला तो धर्मासाठी, माणूस माशापासून झाला हे ऐकायला नाही. तिसऱ्याचं उलटं होतं. तो शाळेला विचारत होता की सायन्समध्ये देव घुसवायची परवानगी या बाईला कुणी दिली. बाबा जेवताना म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून मार. आता तू म्हण, मी नुसती गोष्ट सांगत होते. विषय संपला." आई म्हणाली, "मी नुसती गोष्ट सांगत नव्हते." "अगं, तुला क्लास ठेवायचाय का नाही?" बाबांनी विचारलं. आईने त्यांना आणखी भात वाढला. तिला तो वर्ग ठेवायचा होता, आणि किती ठेवायचा होता ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी ताटाकडे बघितलं.

मीटिंग मंगळवारी शाळा सुटल्यावर झाली, लायब्ररीतच. घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मीही होते. ज्या खोलीत जाण्यासाठी मी वर्षभर तळमळले तिथे मी पहिल्यांदा अशी बसले, एका बाजूला आई, समोर डेप्युटी प्रिन्सिपल बाई, आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे रमेशभाई. रमेशभाई हिंदू स्क्रिप्चरच्या सगळ्या शाळा बघायचे. पांढरी मिशी, अत्यंत मऊ आवाज, येताना माझ्यासाठी चिक्की आणली होती. खिडक्या बंद होत्या, एसी बिघडला होता. बाहेर मुलं फूटी, म्हणजे इथला फुटबॉल, खेळत होती.

डेप्युटी बाई चांगल्या होत्या. माशाचं सोडून देऊ, ती चूक समजण्यासारखी आहे, म्हणाल्या. प्रश्न एवढाच की वर्गात शिकवलं काय. मत्स्याची गोष्ट सांगितली असेल तर ती रमेशभाईंच्या पुस्तकात आहे, शाळेची हरकत नाही. पण विज्ञान म्हणून काही शिकवलं असेल तर ते वर्गशिक्षकांचं काम. आणि धर्माच्या तासाला धर्माविरुद्ध काही सांगितलं असेल तर ते रमेशभाई बघतील. आईने मान हलवली. म्हणाली, "मी मत्स्यावतार शिकवला. पुस्तकातलं पान बारा." मला माहीत होतं की हे निम्मं खरं आहे, आणि तिला बोलायला किती जड गेलं असेल तेही माहीत होतं. रमेशभाईंचा चेहरा निवळला. ते कागद गोळा करायला लागले. सगळं संपत आलं होतं. पुढच्या शुक्रवारी आई पुन्हा कुर्त्याला इस्त्री करणार होती, आणि मी पुन्हा हिंदूंच्या खोलीत, तिच्या समोर, हायस्कूलला जाईपर्यंत.

मग डेप्युटी बाई सहज, उठता उठता, माझ्याकडे वळल्या. "केतकी, यू वर देअर, डार्लिंग. तुला काय आठवतंय? मम काय म्हणाली?"

मी विचार केला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मी विचार केला होता. बाहेर अमेलिया बाकावर बसून माझी वाट बघत होती, तिचे पाय दिसत होते. मी म्हणाले, "शी सेड यू डोन्ट नीड गॉड फॉर इट."

देवाची गरज नाही, असं आई म्हणाली. वाक्य खरं होतं. फक्त ते वर्गात म्हटलेलं नव्हतं. ते आमच्या ओट्यापाशी, माझ्या एकटीशी म्हटलेलं होतं, आणि जगात ते फक्त दोघींना माहीत होतं.

रमेशभाईंनी कागद पुन्हा टेबलावर ठेवले. मग ते आईकडे झुकले आणि हिंदीत, डेप्युटी बाईंना कळू नये म्हणून असेल, हळूच म्हणाले, "वृंदाबेन, बच्ची है, गड़बड़ा गई होगी. आप बस कह दीजिए कि आपने ऐसा नहीं कहा. बात यहीं ख़तम." त्यांनी तिला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. तिला एवढंच म्हणायचं होतं की पोरगी चुकली. ते खरंही होतं. वर्गात ती असं बोललीच नव्हती.

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेपर तपासताना ती जशी बघत असेल तसं, नीट, शेवटपर्यंत. मग रमेशभाईंना म्हणाली, "मेरी बेटी झूठ नहीं बोलती. मैंने कहा था." आणि तेच पुन्हा इंग्रजीत, डेप्युटी बाईंसाठी, "येस. आय सेड इट." तिने गळ्यातला पट्टा काढला, त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवला. रमेशभाईंना खरंच वाईट वाटलं. ते चिक्कीचं पाकीट माझ्याकडे सरकवत राहिले.

त्यांच्यावर माझा राग नाही. शाळेवरही नाही. माणूस कसा झाला यावर लोक इथे आणि तिथे अजूनही भांडतात, पालकसभा गाजवतात, आणि मी ते ऐकते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ना देव येतो ना माकड. टेबलावर घडी घातलेला तो निळा पट्टा येतो. आईला पुढे नोकरी लागली, एका चाइल्डकेअरमध्ये, मुलांचे डबे गरम करायची. तिने तिथे वीस वर्षं काढली. वर्गात, फळ्यापुढे, ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. सांगाडा त्याच डब्यात माझ्याकडे आहे. दोन काटे निखळलेत, ते मी चिकटवलेले नाहीत.

त्या दिवशी आम्ही चालत घरी आलो. ऊन मी म्हणत होतं, फूटपाथवर एक झाड सावलीला नव्हतं. मी शिव्या खायची वाट बघत होते, खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अर्ध्या वाटेपर्यंत तिने एकाही पक्ष्याला नाव विचारलं नाही. मग आमची राखाडी कुंपणं सुरू झाली तेव्हा म्हणाली, "उत्तर अर्धंच दिलंस."

मी पायाने एक खडा उडवला.

"पुढचं वाक्य होतं. गरज नाही, पण म्हणूनच मासा आपला नातेवाईक, असं मी म्हणाले होते. ते आठवलं नाही का?"

आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता, तिच्या ओल्या बोटाचा स्पर्शसुद्धा. मी मान खाली घालून म्हणाले, "नाही आठवलं."

"बरं," आई म्हणाली, आणि माझं दप्तर माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "मग परत शिकवीन."